ट्रॅक्टरमागील गवत कापण्याचें यंत्र : त्याची जुळवणी व निगा

ज्या गांवीं शाळेचें मैदान, दवाखान्याचें आवार किंवा उपासनामंदिराभोंवतालची मोकळी जागा मोठी आहे, तेथें पावसाळा लागला कीं गवताचा प्रश्न उभा राहतो. विळ्यानें कापावें तर माणसें मिळत नाहींत. मिळालीं तरी एक टोक कापून होईपर्यंत दुसरें टोक पुनः गुडघाभर वाढतें. म्हणून अलीकडे कांहीं ठिकाणीं लहान ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें गवत कापण्याचें यंत्र घेण्यांत येतें. त्यास ‘फिनिश मोअर’ असें नांव आहे. झुडपें व रान तोडण्याचें जें जाड पात्यांचें यंत्र असतें तें हें नव्हे. यांत वरतीं एक लोखंडी कवच, त्याखालीं बहुधा तीन पातीं, तीं फिरविणारा एक लांब पट्टा, व चारी कोपऱ्यांवर सभोंवार वळणारीं चार लहान चाकें असतात. चार-पांच फूट रुंदीचें असें यंत्र चालविण्यास पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो.

हें यंत्र विकत घेणें सोपें, व चालविणें त्याहून सोपें. परंतु तें जुळवून घेण्याचें काम थोडेच लोक मन लावून करितात. माझीच गोष्ट सांगतों. एका शाळेंत खेळांच्या आदल्या दिवशीं मैदान कापण्याचें काम मीं घेतलें होतें. मला वाटे कीं यंत्र ट्रॅक्टरच्या लिफ्टवर अधांतरीं धरून ठेवलें म्हणजे उंची आपल्या हातीं राहते. झालें तें उलटेंच. ट्रॅक्टरचीं पुढील चाकें खळग्यांत गेलीं कीं मागील यंत्र वर उचले व गवत तसेंच राही. पुढील चाकें उंचवट्यावर चढलीं कीं मागील यंत्र खालीं दबे व पातीं मातीच खरवडीत. दुसऱ्या दिवशीं मुलें धांवलीं तीं हिरव्या व तपकिरी पट्ट्यांवरून. हरळी म्हणून ती पुनः फुटली, पण त्यास महिना लागला.

या चुकीचें मूळ समजून घेण्याजोगें आहे. ट्रॅक्टरच्या मागें तीन ठिकाणीं अवजार धरण्याची रीति हॅरी फर्ग्युसन यानें काढली, व १९३९ सालीं फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरावर ती आल्यापासून तिचा प्रसार झाला. ती रीति मुख्यतः नांगरासाठीं होती. नांगराचा भार ट्रॅक्टरनें वाहावा, त्याची खोली ट्रॅक्टरनें राखावी, हा तिचा हेतु. गवत कापण्याच्या यंत्रास यांतलें कांहींच नको असतें. त्यानें आपल्या चार चाकांवर चालावें, जमिनीचा चढउतार आपल्या चाकांनीं ओळखावा. ट्रॅक्टरनें त्यास केवळ ओढावें व त्याचीं पातीं फिरवावीं. एवढें ध्यानांत धरलें म्हणजे जुळवणीचीं पुढील बहुतेक कामें आपोआप समजूं लागतात.

पातें गवत कसें कापतें हेंहि पाहिलें पाहिजे. गवत कापण्याचें पहिलें यंत्र १८३० सालीं इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें केलें. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणींतील यंत्रावरून त्यास ती कल्पना सुचली असें सांगतात. त्या यंत्रांत रुळावरचीं पातीं खालच्या स्थिर पात्याशीं मिळून गवत कात्रीप्रमाणें कापीत. आपल्या यंत्रांत तें दुसरें पातें नाहीं. येथें एकटें पातें केवळ आपल्या वेगानें गवत छाटतें. वीस इंच लांबीचें पातें मिनिटास तीन हजार वेळां फिरतें असें धरा. तर त्याचें टोक एका मिनिटांत सुमारें १५,७०० फूट, म्हणजे तासास सुमारें २८७ किलोमीटर, या वेगानें जातें. हा वेग कमी पडला कीं गवत कापलें न जातां वांकतें. आणि त्याच वेगानें एखादा खडा उडाला तर तो गोफणीच्या गोट्यासारखा जातो.

म्हणून हात लावण्यापूर्वीं चार गोष्टी. पीटीओची, म्हणजे पातीं फिरविणाऱ्या शक्तीची, लिव्हर बंद करावी. इंजिन बंद करून किल्ली काढून आपल्याच खिशांत ठेवावी. पातीं पूर्ण थांबेपर्यंत उभें राहावें. आणि यंत्र वर उचलून खालीं हात घालावयाचा असेल तर त्याखालीं जाड लांकडी ओंडके ठेवावे. लिफ्टवर विश्वास ठेवूं नये. इंजिन बंद असलें तरी लिव्हर हालली कीं उचललेलें अवजार खालीं येतें, आणि लिव्हर न हालवितांहि तेल झिरपून तें हळूहळू उतरतें. एकदां मी पातें पाहण्यास वांकलों असतां एक लहान मुलगा कौतुकानें ट्रॅक्टरच्या आसनावर चढला व त्यानें लिव्हर ओढली. खालीं बाभळीचे ओंडके होते म्हणून यंत्र चार बोटें उतरून त्यांवर थांबलें. ते ओंडके आणण्याचा त्या दिवशीं मला कंटाळा आला होता. सोबतच्या माणसानें हट्ट धरला म्हणून मीं ते ठेवले.

आतां जुळवणी. ती शेतांत किंवा गवतावर करूं नये. सिमेंटची किंवा फरशीची सपाट जागा पाहावी. ट्रॅक्टरच्या दोन्ही मागील टायरांत हवा सारखी भरावी. एका बाजूस हवा कमी असेल तर पुढील सर्व मापें व्यर्थ जातात. यंत्र जमिनीवर त्याच्या चार चाकांवर टेकवावें, व मगच मोजपट्टी हातीं घ्यावी.

पहिलें माप उंचीचें. प्रत्येक चाकाच्या उभ्या दांड्यावर लहान लहान नळ्या किंवा जाड वॉशर असतात. ते आधाराच्या खालच्या बाजूस घातले कीं यंत्र उंच होतें, वरच्या बाजूस घातले कीं तें खालीं येतें. चारी चाकांवर संख्या मोजून ठेवावी. तीन चाकें एका मापावर व चवथें दुसऱ्या मापावर राहिलें कीं यंत्र डुगडुगतें. आपल्याकडील हरळीच्या मैदानास दीड ते दोन इंच उंची ठीक पडते. मैदान फार उंचसखल असेल तर दोनांहून खालीं जाऊं नये. एका वेळीं गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग काढूं नये, असा जो नियम माळी पाळितात तो येथेंहि खरा आहे. दोन इंच राखावयाचें असेल तर तीन इंच होतांच कापावें. सुटींत कोणी लक्ष दिलें नाहीं व गवत गुडघ्यास लागलें, तर पहिल्या दिवशीं यंत्र जितकें उंच करितां येईल तितकें करून कापावें, व तीन-चार दिवसांनीं खालीं आणावें.

दुसरें माप डाव्या-उजव्या समतेचें. हातमोजे घालून पातीं आडवीं, म्हणजे टोकें डावीकडे व उजवीकडे येतील अशीं, फिरवावीं. येथें एक इशारा : तिन्ही पातीं एकाच पट्ट्यानें बांधलेलीं असल्यामुळें एक फिरविलें कीं बाकीचीं दोन्ही फिरतात, म्हणून एका हातानें एक पातें फिरवितांना दुसरा हात दुसऱ्या पात्यापाशीं ठेवूं नये. मग डाव्या पात्याच्या बाहेरील टोकापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें, व उजव्याचेंहि मोजावें. या दोहोंत सुतारी मापाच्या एका सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, अधिक फरक असूं नये. असला तर त्या बाजूच्या चाकांच्या नळ्या व चाकांची झीज तपासावी.

तिसरें माप पुढच्या-मागच्या उताराचें. यंत्र अगदीं सपाट चालावें असें कोणासहि वाटेल, पण तसें नाहीं. पातीं पुढें-मागें वळवून पाहिलें असतां पुढील टोक मागील टोकापेक्षां सुमारें दोन सूत खालीं असलें पाहिजे. कारण पातें पुढच्या भागांत गवत कापतें, आणि तेंच टोक अर्धा वेढा घेऊन मागें येतें. मागची बाजू थोडी उंच असली म्हणजे कापलेल्या गवतावरून टोक मोकळें निघून जातें. मागची बाजू खालीं असली तर तेंच गवत पुनः पुनः झोडपलें जातें. गवताचे शेंडे फाटून दोन दिवसांत तांबूस होतात, आणि ट्रॅक्टरचें इंजिन उगाच कण्हूं लागतें. उलट पुढची बाजू फारच खालीं दाबली तर पुढचें टोक माती खरवडतें. हा उतार चाकांच्या नळ्यांनींच साधावा. ट्रॅक्टरचा वरचा दांडा, ज्यास टॉप लिंक म्हणतात, तो आंवळून उतार साधण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण दांडा आंवळला कीं यंत्राची मागील बाजू ट्रॅक्टरवर लटकते, आणि आपण पुनः पहिल्याच चुकीवर येतों. यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत निराळें माप दिलें असेल तर अर्थातच तेंच खरें मानावें.

वरच्या दांड्याच्या जोडाशीं यंत्रावर बहुधा एक लांबट खांच किंवा सैल कडी असते. यंत्र सपाट जागीं उभें असतां पिन त्या खांचेच्या साधारण मधोमध आली पाहिजे. म्हणजे यंत्राची मागील बाजू खळग्यांत उतरूं शकते व उंचवट्यावर चढूंहि शकते. खालच्या दोन दांड्यांसहि वर-खालीं हालण्यास वाव राहील इतकी लिफ्टची लिव्हर खालीं सोडावी, व तिच्या जागीं खूण करून ठेवावी. बाजूच्या साखळ्यांस थोडा झोल ठेवावा. पण यंत्र मागील टायरास घासेल इतका नको. हें सर्व झाल्यावर पातीं न फिरवितां यंत्र एका फळीवरून हळूहळू ओढून न्यावें. जें चाक फळीवर येईल तेथें यंत्र उचललें जावें व पुढें गेल्यावर पुनः टेकावें. तें हवेंत लोंबत राहिलें तर कोठें तरी दांडा आंवळलेला आहे असें समजावें.

शक्ति नेणारा पीटीओ शाफ्ट हा निराळ्या काळजीचा भाग आहे. तो एकांत एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा असतो. यंत्र लिफ्टनें खालपासून वरपर्यंत हळू उचलून पाहावें. जेथें शाफ्ट सर्वांत आंखूड होतो तेथें त्याचे तुकडे एकमेकांच्या तळास भिडूं नयेत, नाहीं तर ट्रॅक्टरच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर घाव बसतो. आणि जेथें तो सर्वांत लांब होतो तेथें निदान तिसरा हिस्सा तरी एकमेकांत राहिला पाहिजे. नवीन यंत्र घेतलें असतां शाफ्ट लांब पडणें हें नेहमींचेंच आहे. तो कापावयाचा झाल्यास दोन्ही तुकडे व त्यांवरचीं दोन्ही संरक्षक आवरणें सारखींच कापावीं, आणि कापलेल्या कडा कानशीनें गुळगुळीत कराव्या. तें प्लॅस्टिकचें आवरण कित्येक लोक अडचण म्हणून काढून टाकितात. शाफ्ट मिनिटास ५४० वेळां, म्हणजे एका सेकंदांत नऊ वेळां, फिरतो. धोतराचा सोगा, ओढणी किंवा सैल बाही त्यांत एकदां गुंतली तर माणसास ओरडण्यासहि अवधि मिळत नाहीं. आवरण फुटलें असेल तर नवीन बसेपर्यंत यंत्र उभें ठेवावें. हें सांगण्यांत मी तिळमात्र अतिशयोक्ति करीत नाहीं.

कांहीं लहान ट्रॅक्टरांस पीटीओचे एकाहून अधिक वेग असतात, व कांहींस तो उलटा फिरविण्याचीहि सोय असते. आपलें यंत्र ५४० साठीं केलें असेल तर त्याहून मोठ्या वेगावर तें कधींहि लावूं नये, आणि उलटा गिअर पडला नाहीं ना हें प्रत्येक वेळीं पाहावें. पातीं चालूं असतां यंत्र उंच उचलूं नये. शाफ्टचे सांधे तिरपे होऊन खडखडतात व लवकर मोडतात.

पात्यांस धार लावणें हें कोणत्याहि गांवच्या लोहाराकडून होईल, पण त्याच्याजवळ आपण उभें राहावें. नटाचे आटे कोणत्या दिशेचे आहेत हें आधीं पुस्तिकेंत पाहावें. कांहीं यंत्रांत ते उलटे असतात. पातें काढण्यापूर्वीं खालच्या बाजूस खडूनें खूण करावी, कारण पात्याचा जो भाग पंखाप्रमाणें वळलेला असतो तो वर, कवचाकडे, राहिला पाहिजे. तोच वारा ओढून गवत उभें करितो. पातें उलटें बसलें तर नवी कोरी धार असूनहि गवत नुसतें तुडविलें जातें, व मनुष्य तासभर बुचकळ्यांत पडतो. धार मुळच्याच कोनावर, सुमारें तीस अंशांवर, लावावी. वस्तऱ्यासारखी पातळ धार पहिल्याच खड्यास वळते. ग्राइंडरवर पातें निळें पडेपर्यंत तापवूं नये. निळ्या झालेल्या लोखंडाचें पाणी उतरलें असें लोहार म्हणतो तें खरें आहे. नंतर मधल्या भोंकांत खिळा घालून पातें भिंतीवर टांगावें. जें टोक खालीं जाईल तें जड. त्याच बाजूचें लोखंड थोडें घासावें, व पातें आडवें स्थिर राहीपर्यंत पुनः पाहावें. जड-हलकें पातें फिरलें म्हणजे बेअरिंगें एका हंगामांत जातात.

खडा किंवा मूळ लागून मोठा आवाज झाला तर तेव्हांच थांबावें. पात्याच्या एका टोकाचें जमिनीपासूनचें अंतर मोजून तें अर्धा वेढा फिरवावें, व त्याच जागीं दुसरें टोक मोजावें. एका सुताहून अधिक फरक असला तर पातें किंवा त्याचा उभा दांडा वांकला आहे. वांकलेलें पातें ऐरणीवर सरळ करूं नये, व तडकलेल्यास वेल्डिंग तर मुळींच करूं नये. असें डागलेलें पातें केव्हां तुटून कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं. दोनशें-चारशें रुपये वांचविण्याची ही जागा नव्हे.

पट्ट्याचें काम थोडक्यांत सांगतां येईल. वरचीं झाकणें काढून पुल्यांभोंवतीं साचलेलें गवत दर आठवड्यास काढावें. उन्हांत वाळलेलें तें गवत पट्ट्याच्या उष्णतेनें पेट घेऊं शकतें. पट्ट्याची कड चकचकीत झाली, भेगा पडल्या, किंवा दाट गवतांत रबर जळल्याचा वास येऊं लागला, तर पट्टा घसरतो आहे. स्प्रिंगवरची पुली सहज हालते कीं गंजून अडकली आहे हें प्रथम पाहावें. पुष्कळदां दोष तेथेंच असतो व बिचारा पट्टा उगाच बदलला जातो. नवीन पट्टा पहिल्या कांहीं तासांत ताणला जातो, म्हणून त्या दिवशीं सायंकाळीं ताण पुनः तपासावा. पट्ट्यास तेल किंवा ग्रीस लागूं देऊं नये.

ग्रीस मात्र इतरत्र हात आंखडून देऊं नये. पात्यांचे तीन उभे दांडे, शाफ्टचे दोन सांधे व चारी चाकें यांस साधारण आठ-दहा तासांच्या कामानंतर ग्रीस द्यावें. निपल आधीं चिंधीनें पुसावें, नाहीं तर ग्रीसबरोबर मातीहि आंत जाते. मधल्या दांड्याचें निपल बहुधा झाकणाखालीं दडलेलें असतें, आणि म्हणूनच जें बेअरिंग आधीं मरतें तें बहुधा मधलेंच. गिअरबॉक्समध्यें ८०डब्ल्यू-९० जातीचें गिअर तेल बाजूच्या बुचाच्या भोंकापर्यंत असावें. त्याहून वर भरलें तर तें सीलांतून बाहेर येतें.

चालवितांना इंजिनाचा वेग पीटीओच्या ५४० च्या खुणेवर स्थिर ठेवावा, आणि हळू जावयाचें असेल तर खालचा गिअर घ्यावा. ॲक्सिलरेटर कमी करून हळू गेलें तर ट्रॅक्टर हळू होतो खरा, पण पातींहि हळू होतात. दोन पात्यांमध्यें गवताची बारीक शेंडी राहूं लागली तर बहुधा हेंच कारण असतें. नसल्यास वळणें फार तीव्र घेतलीं जात आहेत, किंवा धार गेली आहे. उतारावर सरळ वर-खालीं जावें, आडवें जाऊं नये. काम सुरू करण्यापूर्वीं मैदान पायीं फिरावें. आमच्या मुरमाड जमिनींत पहिल्या पावसानंतर खडे वर येतात, आणि तुटलेली तार, चपलेचा अंगठा, बकऱ्याचें हाड हीं तर बाराही महिने सांपडतात. मुलें, जनावरें व पाहावयास जमलेले लोक मैदानाबाहेर गेल्यावांचून पीटीओ लावूं नये. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणासहि बसवूं नये, मग तो कितीहि ओळखीचा असो.

ओलें गवत कवचाखालीं लिंपून बसतें व तेथें पत्रा सडतो. काम संपल्यावर, ओंडके लावून, लांकडी फळीनें तें खरवडून काढावें. पाण्याचा जोराचा झोत बेअरिंगांवर मारूं नये. पावसाळा सरल्यावर गवताची वाढ थांबली म्हणजे यंत्र स्वच्छ करून, कवचास आंतून तेलाचा हात देऊन, छपराखालीं चार विटांवर ठेवावें, आणि पातीं काढून तेल लावून कागदांत गुंडाळावीं. उंदीर पट्टा कुरतडतात, म्हणून धान्याच्या कोठीशेजारीं तें ठेवूं नये. मृगाच्या आधीं एक सायंकाळ राखून पातीं चढवावीं, बोल्ट पुस्तिकेंत दिलेल्या टॉर्कपर्यंत आंवळावे, वरील तिन्ही मापें पुनः घ्यावीं, आणि पट्ट्याचें झाकण लावण्यापूर्वीं पुली हातानें फिरवून पाहावी : तिन्ही पातीं खरखर न करितां एका दमांत फिरलीं पाहिजेत.